स्वयंचलित टेलिफोनचा जनक : अल्मन स्ट्रोजर

शोध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. मोठी प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या, पांढरा कोट आणि विस्कटलेल्या केसांचा शास्त्रज्ञ. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या चित्राकडे दुरूनच पाहावे आणि हे आपले काम नव्हे म्हणून पान उलटावे, अशी आपल्याकडची रीत आहे. ही रीत बाजूला ठेवायला लावणारा एक माणूस टेलिफोनच्या इतिहासात होऊन गेला. तो तरुणपणी घोडदळात होता, पुढे काही काळ शाळामास्तर होता, आणि ज्या दिवसांत त्याने आपले यंत्र जुळविले त्या दिवसांत तो मृतांच्या अंत्यविधीची व्यवस्था करून पोट भरत होता. त्याचे नाव अल्मन ब्राउन स्ट्रोजर. मधे कोणीही माणूस न बसता एका टेलिफोनवरून दुसऱ्या टेलिफोनला जोडून देणारे, प्रत्यक्ष व्यवहारात चाललेले पहिले यंत्र या माणसाचे.

स्ट्रोजरचा धंदा आपल्याकडच्या वाचकाला थोडा समजावून सांगायला हवा. आपल्या गावात कोणी गेले तर शेजारीपाजारी धावतात. कोणी बांबू आणतो, कोणी मडके आणतो, तिरडी बांधायला जाणती माणसे पुढे होतात आणि खांदा द्यायला चौघे आपसूक उभे राहतात. अमेरिकेत हे सारे एका व्यावसायिकाकडे सोपविण्याची पद्धत आहे. शवपेटी, गाडी, घोडे, दफनभूमीची व्यवस्था, सगळे तोच पाहतो. त्याला निरोप पोचला तर त्याचे काम, नाही पोचला तर दुसऱ्याचे. किराणा दुकानातले गिऱ्हाईक आज गेले तर उद्या परत येते. या धंद्यात हुकलेले गिऱ्हाईक परत येत नाही. स्ट्रोजरच्या साऱ्या कथेचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

त्याचा जन्म ११ फेब्रुवारी १८३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहराजवळच्या पेनफील्ड या गावी झाला. घरी पिठाच्या गिरणीची परंपरा होती. त्याच्या आजोबांची गिरणी ही त्या वसाहतीतली पहिली गिरणी. चाके, दाते, पट्टे आणि पाण्याचा जोर यांची ओळख असलेल्या घरातला हा मुलगा. आईने एखादे काम सांगितले की अल्मन आणि त्याचे भाऊ ते काम करण्याऐवजी ते काम करणारे यंत्र कसे बनवता येईल यावरच वाद घालीत बसत, असे सांगतात. ही गोष्ट खरी असो वा मागाहून जोडलेली असो, पुढच्या आयुष्याला ती शोभते खरी.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरीच्या प्रश्नावरून देशाचे दोन तुकडे झाले. तरुण स्ट्रोजर उत्तरेच्या बाजूने न्यूयॉर्कच्या आठव्या घोडदळात दाखल झाला आणि लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत चढला. युद्धानंतर त्याने खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली आणि मग अंत्यविधीच्या धंद्यात शिरला. कॅन्सस राज्यातील एल डोरॅडो, नंतर टोपेका आणि शेवटी मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटी, असा त्याच्या दुकानाचा प्रवास झाला. वयाची चाळिशी उलटून पन्नाशीकडे वाटचाल सुरू होईपर्यंत या माणसाच्या हातून इतिहासाने नोंद घ्यावी असे काही घडलेले नव्हते.

मधल्या काळात जगात टेलिफोन आला होता. १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याला टेलिफोनचे पेटंट मिळाले. दोन माणसांना बोलायचे असेल तर दोन यंत्रे आणि मधे एक तार पुरते. परंतु दहा जणांना एकमेकांशी बोलायचे असेल आणि प्रत्येकाची तार प्रत्येकाला जोडायची म्हटली, तर ४५ तारा लागतील. शंभर जणांसाठी हा आकडा ४,९५० वर जातो. गावाचे आकाश तारांनी झाकून जाईल. म्हणून युक्ती निघाली की सगळ्यांच्या तारा एका जागी आणाव्यात आणि तेथे बसलेल्या माणसाने हवी ती तार हव्या त्या तारेला जोडून द्यावी. हेच टेलिफोन एक्सचेंज. असे पहिले व्यापारी एक्सचेंज २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतील न्यू हेवन येथे २१ ग्राहकांवर सुरू झाले. योगायोग असा की बरोबर चार वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ या दिवशी, हिंदुस्थानात टेलिफोन एक्सचेंजचा आरंभ झाला. त्याच वर्षी कलकत्ता, मुंबई व मद्रास या शहरांना एक्सचेंज मिळाले.

या जोडून देण्याच्या कामावर आरंभी पोरे ठेवली जात. ती उद्धट बोलत, दंगा करीत, म्हणून १८७८ पासून तेथे स्त्रियांची नेमणूक होऊ लागली. बोस्टनची एमा नट ही या पेशातली पहिली स्त्री. पुढे हा पेशा जवळजवळ स्त्रियांचाच झाला. घराबाहेर पडून सन्मानाने चार पैसे मिळविण्याचा मार्ग म्हणून लक्षावधी स्त्रियांना त्याने हात दिला, हे विसरून चालणार नाही. ऑपरेटरपुढे एक मोठा फळा असे. त्यावर प्रत्येक ग्राहकाचे एक भोक. ग्राहकाने बोलावले की खूण दिसे. ऑपरेटर दोरीचे एक टोक त्याच्या भोकात घाली, कोण हवे ते विचारी आणि दुसरे टोक त्या माणसाच्या भोकात घालून देई. त्या काळी लोक नंबर सांगत नसत, नाव सांगत. कित्येकदा नावही सांगत नसत, नुसते काम सांगत. डॉक्टर पाहिजे, घोडागाडी पाहिजे. मग कोणता डॉक्टर आणि कोणाची गाडी, हे ठरविणे त्या खुर्चीत बसलेल्या व्यक्तीच्या हाती येई.

स्ट्रोजरची तक्रार येथेच सुरू होते. त्याच्याकडे येणारे फोन त्याच्यापर्यंत पोचत नाहीत अशी त्याची खात्री झाली. गावात दुसरा एक अंत्यविधीवाला होता, त्याची बायको एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती आणि दुःखात बुडालेल्या घरातून आलेला प्रत्येक फोन ती आपल्या नवऱ्याच्या दुकानाला जोडून देत असे, ही या कथेची सर्वांत प्रसिद्ध आवृत्ती. दुसऱ्या आवृत्तीत बायकोच्या जागी दुसरी एखादी नातेवाईक येते. एका हकिकतीत तर दोष कोणत्याच बाईचा नव्हता, स्ट्रोजरच्या दुकानाच्या तारेतच बिघाड होता, असेही येते.

वाचकहो, या तिन्ही हकिकती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. दुकानात वाट पाहत बसलेल्या स्ट्रोजरला यातले खरे काय हे कळण्याचा मार्गच नव्हता. फोन वाजला नाही, एवढेच त्याला कळे. तो कोणी केलाच नाही म्हणून वाजला नाही, तार तुटली म्हणून वाजला नाही, की कोणी वाट वळविली म्हणून, हे त्याला कोण सांगणार? ऑपरेटर देवासारखी प्रामाणिक असती तरी त्याचा संशय फिटला नसता, आणि ती लबाड असती तरी सिद्ध झाले नसते. मधल्या माणसाच्या हाती सारी किल्ली असली आणि त्याचे काम आपल्याला दिसत नसले, म्हणजे प्रामाणिक आणि लबाड दोघेही आपल्याला सारखेच भासतात. यात अन्याय दुहेरी आहे. वाट पाहणाऱ्यावर आहे, तसाच निष्कारण संशय घेतल्या गेलेल्या ऑपरेटरवरही आहे.

आपल्या परभणी जिल्ह्याच्या वाचकाला ही अवस्था अगदीच परकी वाटू नये. ट्रंक कॉलचा जमाना पाहिलेली माणसे अजून घरोघर आहेत. सेलू, मानवतसारख्या कापसाच्या पेठेतल्या व्यापाऱ्याला परगावचा भाव विचारायचा तर आधी कॉल बुक करावा लागे आणि मग यंत्राशेजारी बसून राहावे लागे. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि लाइटनिंग कॉल, अशा चढत्या दरांच्या पायऱ्या होत्या. ज्याचा कॉल आधी लागे त्याला भाव आधी कळे. ताटकळत बसलेल्या माणसाच्या मनात कोणाकोणाविषयी काय काय येत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. दुसऱ्या बाजूला, रात्री-अपरात्री मृत्यूची किंवा बाळंतपणाची बातमी पोचवायची तर जीव तोडून लाइन मिळवून देणारे ऑपरेटरही गावोगाव होते. माणूस मधे असला की दोन्ही शक्यता असतात.

तक्रार तर पुष्कळ जण करतात. कोणी भांडतो, कोणी अर्ज लिहितो, कोणी त्या बाईची बदली व्हावी म्हणून खटपट करतो. स्ट्रोजरने विचार केला तो खुर्चीचा. खुर्चीत कोण बसावे हा वादच नको, ती खुर्चीच नसेल अशी काही योजना करता येईल का? हा विचार त्याच्या आधी कोणाला सुचला नव्हता असे नाही. १८७९ मध्येच कॉनोली बंधू आणि मॅक्टाय यांनी आपोआप चालणाऱ्या एक्सचेंजचे पेटंट घेतले होते. परंतु गावातल्या लोकांनी रोज वापरावे असे यंत्र त्यातून उभे राहिले नाही. ते काम या दुकानदाराच्या हातून व्हायचे होते.

१८८८ च्या सुमारास त्याने आपली कल्पना जुळविली. त्या काळी पुरुषांच्या शर्टाची कडक कॉलर वेगळी काढून ठेवता येई आणि ती ठेवण्यासाठी पुठ्ठ्याचा गोल डबा मिळे. असा एक डबा आणि काही टाचण्या घेऊन त्याने पहिला नमुना बनविला, असे सांगतात. डब्याच्या गोलाईत टाचण्यांच्या ओळी एकावर एक टोचायच्या. प्रत्येक टाचणी म्हणजे एक ग्राहक. डब्याच्या मधोमध एक उभा दांडा आणि दांड्याला एक आडवा हात. दांडा वर सरकला की हात हव्या त्या ओळीपाशी जातो, दांडा फिरला की हात त्या ओळीतल्या हव्या त्या टाचणीला टेकतो. बस्स, एवढीच कल्पना. वर जाणे आणि फिरणे.

ही गोष्ट आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात उभे राहून समजून घेता येईल. समजा एका कपाटाला दहा खण आहेत आणि प्रत्येक खणात दहा पुस्तके आहेत. ४७ नंबरचे पुस्तक हवे असेल तर आपण काय करतो? चौथ्या खणाशी जातो आणि त्या खणातले सातवे पुस्तक काढतो. स्ट्रोजरचे यंत्र नेमके हेच करते. ग्राहकाकडून तारेवर विजेचे चार ठोके आले की एक विद्युतचुंबक चार वेळा खिट्टी ओढतो आणि दातेरी दांडा चार घरे वर चढतो. मग सात ठोके आले की दुसरा विद्युतचुंबक दांडा सात घरे फिरवतो. हात ४७ व्या स्पर्शबिंदूवर टेकतो आणि संभाषण सुरू होते. बोलणे संपले की खिट्ट्या सुटतात आणि दांडा आपल्या मूळ जागी परत येतो. शून्याचे ठोके दहा. त्यामुळे शंभर ग्राहकांपर्यंत पोचायला दोन आकडे पुरतात. अधिक ग्राहक असले तर अशी यंत्रे एकापुढे एक लावायची. पहिला आकडा गावाचा भाग निवडतो, पुढचा आकडा त्यातला गट, आणि शेवटचे दोन आकडे नेमका टेलिफोन. पायरी पायरीने चालणारी पद्धत म्हणून ती पुढे ओळखली गेली.

या यंत्राचे मर्म असे की हुकूम देणारा ग्राहक दूर आपल्या घरी बसलेला आहे आणि त्याच्या बोटाची हालचाल एक्सचेंजमधल्या लोखंडी हाताला चालविते आहे. मधे कोणाची मर्जी नाही. बोलावणारा श्रीमंत आहे की गरीब, ज्याला बोलावले तो कोणाचा नातलग आहे, हे त्या हाताला ठाऊक नसते. ४७ म्हणजे ४७.

१२ मार्च १८८९ रोजी स्ट्रोजरने पेटंटसाठी अर्ज केला आणि १० मार्च १८९१ रोजी त्याला ४,४७,९१८ क्रमांकाचे पेटंट मिळाले. पेटंट हा कागद, पैसा नव्हे. पुढे नेणारी माणसे हवी होती. त्याचा पुतण्या वॉल्टर याने त्याला साथ दिली. शिकागोचा जोसेफ हॅरिस हा फिरता विक्रेता त्याला भेटला. या माणसाला यंत्रापेक्षा बाजार अधिक कळत होता आणि नेमक्या अशाच माणसाची गरज होती. ३० ऑक्टोबर १८९१ रोजी स्ट्रोजरच्या नावाने कंपनी स्थापन झाली. वर्षभराने, ३ नोव्हेंबर १८९२ रोजी, इंडियाना राज्यातील ला पोर्ट या लहानशा गावी जगातले पहिले व्यापारी स्वयंचलित एक्सचेंज सुरू झाले. तेथील आधीची टेलिफोन सेवा पेटंटच्या खटल्यात बंद पडली होती, त्यामुळे गावाला टेलिफोनची भूक होती. सुमारे ७५ ग्राहक होते आणि ९९ ग्राहकांची सोय होती.

या पहिल्या यंत्रात गैरसोयी थोड्या नव्हत्या. तेव्हा तबकडी नव्हती. ग्राहकापुढे बटने असत. ४७ हवा असेल तर दशकाचे बटन चार वेळा आणि एककाचे बटन सात वेळा, मोजून दाबायचे. मोजण्यात चूक झाली की भलत्याच घरी फोन. शिवाय प्रत्येक घरापर्यंत चार-पाच तारा न्याव्या लागत. हे दोष दूर झाले ते कंपनीत आलेल्या इतर कारागिरांमुळे. अलेक्झांडर कीथ आणि जॉन व चार्ल्स एरिक्सन हे बंधू यांनी १८९६ च्या सुमारास बोटाने फिरवायची तबकडी बनविली. तबकडी आपण फिरवून सोडायची, ती स्प्रिंगच्या जोरावर परत येताना नेमके तितके ठोके आपणच देते. मोजण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले. आपल्या लहानपणी किंवा आपल्या वडिलांच्या लहानपणी काळ्या जड टेलिफोनवर कर्र कर्र करीत फिरणारी जी तबकडी होती, तिचा हा जन्म. स्ट्रोजरच्या कल्पनेला खरे हातपाय या मंडळींनी दिले, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. एकट्याने लावलेले रोप बाग व्हायचे तर अनेकांनी पाणी घालावे लागते.

रोप मोठे होत असतानाच स्ट्रोजर बाजूला झाला. १८९६ मध्ये त्याने आपली पेटंटे १,८०० डॉलरना सहकाऱ्यांना विकली आणि १८९८ मध्ये कंपनीतला आपला हिस्सा १०,००० डॉलरना देऊन टाकला. पुढे १९१६ मध्ये हीच पेटंटे बेलच्या कंपनीसमूहाकडे गेली ती २५ लाख डॉलरना. ज्या समूहाने हाताने चालणाऱ्या एक्सचेंजवर साम्राज्य उभारले होते, त्यानेच १९१९ पासून नॉरफोक शहरात तबकडीचे एक्सचेंज उभारून नव्या वाटेवर पाऊल टाकले. हा दिवस पाहायला स्ट्रोजर नव्हता.

येथे आपल्या मुंबईच्या डॉ. शंकर आबाजी भिसे यांची आठवण होते. १८६७ मध्ये जन्मलेल्या या कल्पक माणसाने छपाईचे खिळे पाडणारे यंत्र शोधून काढले, त्यासाठी लंडन गाठले, भांडवलासाठी वर्षानुवर्षे खेटे घातले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला देह ठेवला. कल्पना एकाची, भांडवल दुसऱ्याचे आणि फळ तिसऱ्याचे, ही रीत पृथ्वीच्या दोन्ही गोलार्धांत सारखीच दिसते.

स्ट्रोजर मात्र अगदी कफल्लक झाला नाही. प्रकृती सांभाळण्यासाठी तो फ्लोरिडा राज्यातील सेंट पीटर्सबर्ग या उबदार गावी जाऊन राहिला. तेथे त्याची मालमत्ता होती आणि त्याच्या नावाचे हॉटेलही होते. आणि गंमत पाहा, तेथील अंत्यविधीच्या एका दुकानाच्या कागदपत्रांवरून असे दिसते की तेथेही त्याने आपल्या जुन्या धंद्यात हात घातला होता. परभणीचे बी. रघुनाथ बांधकाम खात्यात कारकुनी करता करता कविता आणि कादंबऱ्या लिहीत राहिले. भाकरीचे काम एक आणि नाव राहण्याचे काम दुसरे, हे आपल्याला नवीन नाही. पण ज्याच्या नावाने कंपनी चालते त्याने पुन्हा शवपेट्यांकडे वळावे, यात एक साधेपणा आहे. २६ मे १९०२ रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी तो वारला.

त्याच्यामागे त्याचे यंत्र किती दूर गेले! हिंदुस्थानात पहिले स्वयंचलित एक्सचेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला बसले, ७०० लाइनींचे. राज्यकर्त्यांची ती उन्हाळी राजधानी, तेव्हा नवे यंत्र आधी तेथेच जाणार. स्वातंत्र्य आले तेव्हा साऱ्या देशात टेलिफोन होते जेमतेम ८०,०००. १९४८ मध्ये बंगलोरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना निघाला आणि इंग्रजी कंपनीच्या सहकार्याने तेथे स्ट्रोजर पद्धतीची एक्सचेंजे बनू लागली. १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर या शहरांमध्ये ऑपरेटरवाचून परगावी नंबर फिरविण्याची सोय झाली. अंत्यविधीवाल्याच्या डब्यातला तो लोखंडी हात आता गावाची वेस ओलांडून गेला होता.

एक्सचेंज आपोआप झाले, पण आपल्याकडे टेलिफोन मिळण्याचा नंबर मात्र आपोआप लागत नव्हता. १९७० आणि १९८० च्या दशकांत अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. स्ट्रोजरने एक खुर्ची हटविली, पण दुसऱ्या टेबलामागे दुसरी खुर्ची तशीच राहिली. मग १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली आणि खेड्यांच्या धुळीत व उन्हात टिकेल असे १२८ लाइनींचे छोटे इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज तिने बनविले. त्यातले पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूरला बसले. इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली तशी खटखट करणारी स्ट्रोजर यंत्रे भंगारात जाऊ लागली. ब्रिटनमध्ये तसले शेवटचे सार्वजनिक एक्सचेंज १९९५ मध्ये बंद झाले.

तरीही त्या यंत्रांचा जीव पूर्णपणे गेलेला नाही. परदेशांत अनेक हौशी माणसे भंगारातून अशी यंत्रे सोडवून आणतात आणि घराच्या मागल्या खोलीत ती पुन्हा चालू करतात. कोणाला जुन्या कचेरीतला अनेक लाइनींचा टेलिफोन मिळतो. त्याच्या खालच्या कडेला बटनांची रांग असते आणि प्रत्येक बटनात एक बारीक दिवा. पण नुसता टेलिफोन आणून भागत नाही, कारण त्याच्या पोटात बुद्धी नसते. बुद्धी असते ती कचेरीच्या भिंतीवर टांगलेल्या पेटीत, आणि ती पेटी केव्हाच भंगारात गेलेली असते. मग हे लोक ती पेटी घरीच बनवितात. थोडे रिले, थोडे रेझिस्टर, एक छोटा ट्रान्सफॉर्मर. फोन आला की दिवा लुकलुकला पाहिजे, उचलला की स्थिर झाला पाहिजे. एक संभाषण थांबवून दुसरी लाइन घ्यायची असेल तर पहिल्या लाइनीवर पेटीने रेझिस्टर जोडून ठेवायचा, म्हणजे एक्सचेंजला वाटते रिसीव्हर अजून उचललेलाच आहे आणि ते लाइन तोडत नाही. टेलिफोनपासून पेटीपर्यंत पन्नासेक बारीक तारा असतात. कोणती कशाची हे शोधण्यात रात्रीच्या रात्री जातात. यातून पैसा मिळत नाही. मिळते ते इतकेच, की एका यंत्राचे सारे मन आपल्याला उलगडले हा आनंद. कॉलरचा डबा आणि टाचण्या घेऊन बसलेल्या माणसाचे खरे वारस म्हणावेत तर हेच.

आता स्ट्रोजरच्या कामाचा हिशेब मांडताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याच्या यंत्राने एका बाईचा संशय मिटविला, पण हळूहळू असंख्य बायकांच्या खुर्च्या नेल्या. त्यांतल्या बहुतेकींनी कोणाचा फोन कधी वळविला नव्हता. गावातला डॉक्टर कोणाच्या घरी गेला आहे हे माहीत असून तेथेच फोन जोडून देणारी, आग लागली की सगळ्या घरांना एकदम कळविणारी ऑपरेटर यंत्राबरोबर नाहीशी झाली. यंत्र कोणाची बाजू घेत नाही हे त्याचे थोरपण, आणि यंत्राला कोणाची कणव येत नाही हे त्याचे उणेपण. दोन्ही एकाच नाण्यावर आहेत.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात टेलिफोन आहे आणि नंबर जोडून देण्यात कोणाची मर्जी लागत नाही. स्ट्रोजर जिंकला असे म्हणून आपण लेख संपवू शकलो असतो. पण मोबाइलवर आपण नंबर तरी कितीदा फिरवितो? आईला रात्री बरे वाटेनासे झाले की आपण नुसते डॉक्टर असे टाइप करतो आणि जे नाव पहिले दिसेल त्यावर बोट ठेवतो. ते नाव पहिले का आले? तो डॉक्टर जवळ आहे म्हणून, चांगला आहे म्हणून, की त्याने जाहिरातीचे पैसे भरले म्हणून? १८८० च्या दशकातला माणूस ऑपरेटरला नाव न सांगता नुसते काम सांगत असे. आपण पुन्हा तेथेच येऊन पोचलो आहोत. मधली खुर्ची परत आली आहे, आणि या वेळी तिच्यात कोण बसले आहे याचा चेहराही दिसत नाही. गंगाखेड किंवा जिंतूरच्या एखाद्या गल्लीत प्रामाणिकपणे दुकान मांडून बसलेल्या माणसाला आपला फोन का वाजत नाही हे आजही कळत नसेल.

सेंट पीटर्सबर्गच्या दफनभूमीत स्ट्रोजरच्या थडग्यावर यादवी युद्धातल्या सैनिकांना मिळे तसा साधा पांढरा दगड बसविला होता. त्यावर त्याचे नाव, लेफ्टनंटचा हुद्दा आणि घोडदळाची तुकडी एवढेच कोरलेले होते. टेलिफोनचा उल्लेख नव्हता. टेलिफोनच्या क्षेत्रातल्या लोकांनी पुढे तेथे ब्राँझची पाटी लावली, आणि २००६ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय संशोधकांच्या नामावलीत त्याचे नाव समाविष्ट झाले. आपल्याला त्याच्या थडग्यापर्यंत जाणे व्हायचे नाही. पण आपल्यावर काही अन्याय होतो आहे अशी शंका आली, तर तो करणाऱ्या माणसाबरोबरच तो करू देणाऱ्या व्यवस्थेकडेही एकदा नीट पाहावे, आणि ती कशी चालते हे समजून घेण्यासाठी विज्ञान शाखेच्या दाराशी अडून राहू नये, एवढे या शाळामास्तराकडून आपण घेऊ शकतो. पुठ्ठ्याचा डबा आणि टाचण्या आपल्याही घरात आहेत.